विचारून घेणं

काढलेली गाठ कुणाची? रोग्याची, दवाखान्याची, की पुढं तेच दुखणं होणाऱ्या परक्या माणसाची?

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं टिकतो. त्याचे केसाहून पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की स्तनाच्या कॅन्सरला हार्मोनची गोळी लागू पडेल का, दुखणं उलटायचा धोका किती, याचा अंदाज येतो. हे आडाखे जुन्या रोग्यांच्या तुकड्यांवरून बसवलेले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकर १९४१ पासून असे तुकडे अभ्यासत.

खडकवासल्याच्या आमच्या आत्यापुढं कागद आला : उरलेला तुकडा संशोधनाला ठेवू का? मी म्हटलं, "आत्या, कर सही. चारचौघींचं भलं होईल."

"धरणात रानं गेली तवाबी भलंच व्हतं की रं. इचारलं का कुणी?"

धरणाचं पाणी पुणं पितं, ते चांगलंच. पण भलं मोठं आहे म्हणून विचारणं सुटत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तुकडा देणाऱ्याचाच मानलाय, संस्था राखणदार. डॉक्टरीणबाईंनी हे नीट समजावलं, तेव्हा आत्यानं सही केली. न समजता घेतलेली सही म्हणजे नुसती शाई.