दुसऱ्याच्या मुखें दिलेला शब्द

मालाचा धनी आडत्यास बजावतो कीं, अमुक भावाखालीं विकूं नये. आडत्या त्याहून कमी भावानें विकतो. घेणाऱ्यास त्या आज्ञेची गंधवार्ताही नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २३७ व्या कलमान्वयें हा सौदा धन्यावर बंधनकारक होतो.

निरपराध धन्यास हा भुर्दंड कां? कारण घेणाराही तितकाच निरपराध आहे. आणि आडत्यास विक्रीचा अधिकार दिला तो धन्यानेंच. कानांत सांगितलेली अट जगास कशी कळावी? ती ठाऊक असून जो माल घेईल, त्यास मात्र कायदा पाठीशीं घालीत नाहीं. आज्ञाभंगाचें नुकसान धन्यानें आडत्याकडून भरून घ्यावें. परंतु दुसऱ्याच्या मुखें जो जगाशीं बोलतो, त्यानें ‘तें मी बोललोंच नाहीं’ असें म्हणूं नये.