पाण्यावरची रेघ

बाबा पहिल्यांदा डॅलसला आले तेव्हा मॉल, मंदिर आणि कॉस्टको दोन आठवड्यांत बघून संपलं. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "इथं कुठं गरवायला जाता येत नाही का रे?"

गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. बाबा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी वाढले. नोकरीची सगळी वर्षं एसटीत कंडक्टर होते, पण सुट्टीचा दिवस आला की गरी आणि सुतळी घेऊन खाडीवर.

आमच्याकडून सव्वा तासावर टेक्सोमा तलाव आहे. नावातच दोन राज्यं, टेक्सास आणि ओक्लाहोमा. या भागात रेड नदीचा दक्षिण काठ ही त्यांची हद्द. १९४४ मध्ये डेनिसनचं धरण पूर्ण झालं, तलाव भरला आणि तो काठ पाण्याखाली गेला. हद्द मात्र राहिली. एरवी न टिकणाऱ्या गोष्टीला आपण पाण्यावरची रेघ म्हणतो. इथली रेघ चांगली टिकून आहे.

तलावाचा बहुतेक भाग ओक्लाहोमात येतो आणि माझ्याकडे परवाना होता टेक्सासचा. तो रेघेपलीकडे चालत नाही. वाऱ्यानं बोट थोडी सरकली की तुम्ही विनापरवाना. यावर उपाय म्हणून खास टेक्सोमाचा एक परवाना मिळतो. १२ डॉलर, दोन्हीकडच्या पाण्यात चालतो, ३१ डिसेंबरपर्यंत. आम्हा दोघांनाही तो लागणार होता.

मी म्हटलं, "बाबा, सोडा. तुम्ही नुसता रॉड धरा. कोणी आलंच तर रॉड माझा आणि आपण टेक्सासच्या बाजूला." पैशांचा प्रश्न नव्हता. आळस होता, आणि त्याला मी तत्त्वाचा सदरा चढवला होता: पाण्यातला मासा काय सरकारच्या मालकीचा आहे?

या तत्त्वाला चक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे, आणि तोही याच दोन राज्यांच्या भांडणातून. ह्यूज नावाचा टेक्सासचा एक व्यापारी ओक्लाहोमातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून मिनो, म्हणजे गळाला लावायचे बारके मासे, विकत घेऊन घरी निघाला होता. ओक्लाहोमानं त्याला पकडलं: आमच्या पाण्यातले मासे राज्याबाहेर विकायला न्यायचे नाहीत. राज्याचा भरवसा १८९६ च्या एका निकालावर होता. रानातले, पाण्यातले जीव राज्यातल्या जनतेच्या सामाईक मालकीचे, असं त्यात म्हटलं होतं. १९७९ मध्ये न्यायालयानं तो जुना निकाल रद्द केला. ही मालकी म्हणजे कायद्यानं सोयीसाठी धरलेली कल्पना आहे, खरी मालकी नाही. पण त्याच निकालात असंही आहे की राज्यं माशांच्या रक्षणासाठी नियम करू शकतात. हा भाग मी बाबांना सांगितला नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मासा कुणाचाच नाही म्हणतोस. मग तो तिथं आला कुठून?"

उत्तर अडचणीचं होतं. तिथला प्रसिद्ध मासा स्ट्राइप्ड बास. हा मुळात समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा. टेक्सोमात तो सरकारी खात्यानं आणून सोडला. आता तो वसंतात रेड आणि वॉशिटा या नद्यांत चढून स्वतःच वाढतो, कारण त्याच्या अंड्यांना वाहतं पाणी लागतं. वॉशिटा टेक्सोमाला मिळते ती ओक्लाहोमातच. म्हणजे मी टेक्सासच्या बाजूला बसून पकडलेला मासाही कदाचित पलीकडे जन्मलेला. रोज माणशी दहाच मासे, त्यात वीस इंचांचे किंवा मोठे दोनच, हा नियम दोन्ही तीरांवर सारखा आहे. १९५० च्या एका कायद्यानुसार रॉड-रिळांवरच्या कराचा पैसा राज्यांना वाटला जातो. कोणाला किती, हे ठरवताना परवाने घेणारी डोकी मोजतात, आणि परवान्याचा पैसा मत्स्य व वन्यजीव खात्याबाहेर वळवता येत नाही. मी २४ डॉलर वाचवले असते तर मोजणीत निदान एक डोकं कमी धरलं गेलं असतं. फरक नगण्य, हे खरंच. पण नगण्य म्हणून सोडून द्यायचं, तर तलावावरच्या प्रत्येकाला तेच म्हणता येतं.

मी शेवटचा मुद्दा काढला. "तुम्ही खाडीवर कधी परवाना काढलात?"

"तिथं लागायचा नाही," बाबा म्हणाले. "कोण कुठं बसतो, कुणाचं जाळं कुठं, सगळ्यांना ठाऊक. जास्त ओरबाडलंस तर संध्याकाळी आजोबांकडे तक्रार यायची. इथं तुझे आजोबा कोणाला माहीत आहेत?"

हे मला आजही डोक्यातून काढता येत नाही. परवाना म्हणजे परवानगी, आणि परवानगी म्हटलं की आपल्याला राग येतो: कोण तुम्ही मला परवानगी देणारे? पण जिथं शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत, तिथं ओळखीचं काम कागद करतो. कागद नको असेल, तर आजोबांकडे तक्रार जाईल अशा गावात राहायची तयारी हवी. माझी नाही. गाव सोडण्यामागे तेही एक कारण होतं.

मी जरा चिडूनच म्हटलं, "आणि तुम्ही शाळेच्या पोरांना एक टप्पा फुकट सोडायचात, ते?"

"सोडायचो," ते म्हणाले. "त्यांच्याकडे पैसे नसायचे. तुझ्याकडे आहेत."

दोन्ही परवाने फोनवरच काढले. बाबांना फोनवरच्या परवान्याचा भरवसा नाही, म्हणून त्यांचा छापून दिला. घडी करून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. दिवसभरात चार मासे लागले. तीन त्यांना, एक मला. तलावाच्या मधोमध त्यांनी दोनदा विचारलं, आता कुठल्या राज्यात आहोत? फोनला रेंज नव्हती, सांगता आलं नाही.

संध्याकाळी बोट धक्क्याला लावली तरी कोणी तपासायला आलं नव्हतं. बाबा थोडे खट्टू झाले. गाडीत बसताना त्यांनी परवाना खिशातून काढला, उलगडून पाहिला, पुन्हा घडी केली आणि म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत चालतो म्हणालास ना?"