देव किती, यापेक्षा देव कुणाचा

श्रद्धेचे प्रकार सांगताना एकेश्वरवाद, अनेकेश्वरवाद, अद्वैत, निरीश्वरवाद असे कप्पे पाडले जातात आणि प्रत्येक माणूस त्यांपैकी एकाच कप्प्यात बसणार असे धरून चालतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत हे गृहीत टिकत नाही. इथला एक मारुती भिकारदास सावकाराच्या नावाने ओळखला जातो. गद्रे सावकारांनी १७९७ च्या सुमारास बांधलेल्या देवळातला पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा कृष्ण ‘खुन्या मुरलीधर’ झाला. प्रतिष्ठापनेच्या वेळी मूर्तीवरून चकमक होऊन माणसे पडली, असे सांगतात. ओठांशी बासरी धरलेल्या देवाला असे नाव देऊन त्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडणाऱ्यांचा देव गावाचा बरावाईट इतिहास अंगावर वागवणारा आहे. तरीही हीच माणसे ज्ञानेश्वरीच्या प्रवचनाला बसतात आणि चराचरात एकच तत्त्व भरून आहे, हेही मनापासून मानतात.

ही विसंगती आहे, असा आक्षेप जुनाच आहे. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे रानडे-भांडारकरांनी वाढवलेल्या प्रार्थना समाजाने एकच ईश्वर मानला आणि मूर्तिपूजा नाकारली. त्यांच्या विचारातला प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, पण निदान पटत नाही. देव काय आहे आणि देव भेटतो कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमृतानुभवात अद्वैत मांडणाऱ्या ज्ञानदेवांना पंढरीचा विठ्ठल परका नव्हता. खरा अवघड आक्षेप जोतीराव फुल्यांचा आहे. त्यांचा निर्मिक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, हाही एकच. पण त्यांचा रोख मूर्तीपेक्षा मध्यस्थावर होता. देव एका जागी भेटतो म्हटले की त्या जागेला दार येते, आणि दार आले की ते अडवणारा येतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीवरच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. ज्या शहरात अद्वैतावर इतकी प्रवचने झाली, त्याच शहरात हे घडले. प्रत्येक देवस्थानाची रीत असते, हे सनातन्यांचे उत्तर होते. रीत असावीच; चपला बाहेर काढा, हे सगळ्यांना सारखेच सांगितले जाते. जन्म पाहून अडवणारी रीत मात्र ‘सर्वांभूती देव’ हे म्हणणेच खोटे पाडते. सगुण आणि निर्गुण एका मनात सुखाने नांदू शकतात, पण निर्गुणाने सगुणाच्या दारावर लक्ष ठेवले तरच.

म्हणून श्रद्धेचा प्रकार ओळखताना देवांची संख्या मोजून फारसे हाती लागत नाही. याच पेठेत, उद्यान मंगल कार्यालयात, शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञान प्रबोधिनीनेही स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पुरोहित म्हणून तयार केले. चौरंगावरची सुपारी तीच, कलश तोच, गणपतीही तोच. तरी पूजा सांगायला बसलेली बाई पाहून काही घरांतून विरोध झालाच, कारण देवाशी बोलायचा हक्क कुणाचा, ही समजूत तिथे हलली होती. देव एक की अनेक, याबद्दल त्या घरांत कुणाचेच मत बदललेले नव्हते.