जिन्न, हस्तर आणि मालेगावचा सुपरमॅन

भुताखेतांचा सिनेमा पाहावा की पाहू नये, हा प्रश्न आमच्या समाजात आजही फतव्याच्या भाषेत विचारला जातो. जायज की नाजायज? उत्तरही त्याच भाषेत येते आणि बोलणे तिथेच संपते. ज्यांना पाहायचे असते ते पाहतातच. थिएटरात नाही तर मोबाईलवर, रात्री रजईत तोंड लपवून. पाहणाऱ्याला आणि मनाई करणाऱ्याला एका गोष्टीचा मात्र विचार करावासा वाटत नाही. हा पडदा आपल्याला नेमके कुणाला घाबरायला शिकवतो आहे?

आम्ही नाशिकमधील उर्दू शाळांत शिकवणारे चार जण आहोत. सिनेमा पाहणे आणि त्यावर वाद घालणे हा आमचा जुना नाद. अलीकडे आम्ही ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला, ‘मुंज्या’ पाहिला, ‘परी’ पाहिला, रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ आणि ‘वीराना’ हौसेने शोधून पाहिले, आणि सर्वांत शेवटी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. या सिनेमांबद्दल आमचे एकमत नाही आणि व्हावे अशी इच्छाही नाही. एका मुद्द्यावर मात्र आमचे वाद पुन्हा पुन्हा येऊन थांबले, म्हणून हे लिहावेसे वाटले.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात मॅक्डूगलच्या सहजप्रवृत्ती पाठ कराव्या लागतात. पलायन ही प्रवृत्ती, भय ही तिची भावना. परीक्षेपुरते हे ठीक आहे. पण माणसाचे मूल कुणापासून पळायचे हे पोटातून शिकून येत नाही. ते त्याला घर सांगते, गल्ली सांगते, आणि आता मोठ्या प्रमाणावर सिनेमा सांगतो. भयपट ही नुसती करमणूक नव्हे असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. तो भीतीला पत्ता देतो.

मुसलमान प्रेक्षकाची यात आणखी एक अडचण आहे. इतरांसाठी जिन्न ही कल्पना असेल, आमच्यासाठी तो अकीद्याचा भाग आहे. कुरआनातील बहात्तरावी सूरह जिन्नांच्याच नावाची आहे. तिच्यातील जिन्न कुरआन ऐकतात, त्यांच्यातील काही ईमान आणतात, काही आणत नाहीत. म्हणजे माणसाप्रमाणेच त्यांनाही निवड आहे, भले आणि बुरे दोन्ही त्यांच्यात आहेत. सिनेमातला जिन्न मात्र जन्मतःच खुनी. त्याला पकडायला एक बाबा लागतो, त्या बाबाच्या हातात तसबीह, भिंतीवर अरबी अक्षरे, आणि पार्श्वसंगीतात कुणीतरी घोगऱ्या आवाजात काहीतरी पढत असते. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, अरबी वाचली की सिनेमात नेहमी वीज का जाते?’’ वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न खरा होता. ज्या लिपीत आमची मुले सकाळी सबक घेतात, ती लिपी संध्याकाळी पडद्यावर भयाचे चिन्ह होऊन येते.

‘परी’ (२०१८) या सिनेमावर आमच्यात सर्वांत कडाक्याचे भांडण झाले. त्यात रुखसाना नावाची साखळदंडाने बांधलेली मुलगी आहे आणि इफ्रितच्या वंशाचा नायनाट करायला निघालेला प्रोफेसर कासिम अली आहे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की मुस्लिम नावे, मुस्लिम खुणा आणि रक्त यांची ही तीच जुनी खिचडी आहे. दुसऱ्याने बाजू घेतली. सिनेमा जसजसा पुढे जातो तसतशी आपली भीती त्या मुलीकडून त्या प्रोफेसरकडे वळते, असे त्याचे म्हणणे. पाप संपवायला निघालेला, स्वतःच्या पवित्रतेबद्दल तिळमात्र शंका नसलेला माणूस किती भयंकर असू शकतो, हे तो सिनेमा दाखवतो. आम्ही शेवटी या दुसऱ्या मताकडे झुकलो, जरी त्या रक्तपाताची तेवढी गरज होती असे आजही वाटत नाही.

रामसे बंधूंबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा आणि ‘वीराना’ १९८८ चा. सैतान बाहेरचा, बहुतेक वेळा कुरूप, जमिनीत पुरलेला. तो उकरून निघतो, शेवटी मारला जातो आणि माणसे जशी होती तशी घरी जातात. कुणाच्याही मनाला ओरखडा उठत नाही. लोकांना ते सिनेमे प्रिय आहेत ते बहुधा म्हणूनच. ‘मुंज्या’ (२०२४) हा त्यांचाच शहाणा, विनोदी नातू म्हणावा. त्यातला हट्टी पोरगा मेल्यावरही लग्नाचा हट्ट सोडत नाही, आणि बाईच्या नकाराला नकार न मानणाऱ्या पुरुषी वृत्तीची त्यात थोडी खिल्ली आहे. थोडीच.

‘तुंबाड’ची गोष्ट वेगळी. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा तो फार लोकांनी पाहिला नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लागला आणि तरुण पोरे रांगा लावून गेली. नारायण धारपांच्या भयकथा वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला तो पाऊस, तो वाडा, ती साखळीने जखडलेली म्हातारी परकी वाटणार नाही. कथा १९१८ मध्ये सुरू होते आणि १९४७ च्या स्वातंत्र्याशी येऊन थांबते. देवीच्या गर्भात हस्तर आहे. त्याच्याजवळ सोने आहे आणि त्याला भूक अन्नाची आहे. विनायक पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात याने मुद्रा लांबवायच्या. घाबरवणारा भाग तो लाल देह नाही. बाप आपल्या लहान मुलाला या चोरीचा सराव देतो, जसा एखादा कारागीर मुलाला धंदा शिकवतो, तिथे अंगावर काटा येतो. आणि मुलगा बापापेक्षाही लोभी निघतो. एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या नेऊ, सगळे सोने एकदम आणू, ही अक्कल मुलाची. शेवटी शापित बाप सोन्याचा तो ठेवा पुढे करतो तेव्हा मुलगा तो घेत नाही.

कुरआनाच्या अगदी शेवटच्या सूरहमध्ये, जी आमच्या बालवाडीतील मुलांनाही पाठ असते, मनात वसवसा टाकणाऱ्यापासून पनाह मागितली आहे. तो वसवसा टाकणारा जिन्नांपैकी असू शकतो आणि माणसांपैकीही. हे ‘माणसांपैकीही’ आम्ही रोज पढतो आणि रोज विसरतो. ‘तुंबाड’मधील बाप हा त्या दोन शब्दांचा सिनेमा आहे असे आम्हाला वाटते. तो काढणाऱ्यांच्या डोक्यात हे असण्याचे कारण नाही, पण चांगल्या कलाकृतीत ज्याचे त्याला दिसते.

आता मालेगाव. आमच्याच जिल्ह्यातले, यंत्रमागांचे, उर्दू बोलणारे गाव. शुक्रवारी लूम बंद असतात आणि त्या दिवशी सिनेमागृहे ओसंडून वाहतात. या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. क्रेन नव्हती, तर बैलगाडीच्या दांड्याने कॅमेरा वर उचलला. पुढे त्यांनी सुपरमॅन करायला घेतला. हा उद्योग फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटात टिपला, आणि त्या माणसांच्या आयुष्यावर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. सुपरमॅन झाला शफीक शेख, एक काडीसारखा सडपातळ यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडासमोर आडवा धरलेला, वाऱ्याला अंगरखा सोडलेला तो देह पाहताना हसू आवरत नाही. पुढे हा शफीक कर्करोगाने गेला.

या हसण्याचा विचार करताना तारखा आठवाव्या लागतात. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शबे-बरात. बडा कब्रस्तानच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. मेलेलेही मुसलमान आणि संशयावरून पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. त्यांपैकी जे हयात होते त्यांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा मृत्यू. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. म्हणजे भीतीचा पत्ता चुकीचा लिहिला गेला की काय होते, हे या गावाने पडद्याबाहेर भोगले आहे. देशातील वर्तमानपत्रांत मालेगाव हे नावच भयपटासारखे छापले जात होते, आणि तिथले लोक स्वतः काय बनवत होते, तर एक उडणारा, धडपडणारा, विनोदी सुपरमॅन.

सुपरमॅन मूळचा अमेरिकेचा. त्याला जन्म दिला जेरी सिगेल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन ज्यू तरुणांनी, दोघेही स्थलांतरितांची मुले. १९३८ साली तो छापला गेला. ज्यांच्याकडे लोक संशयाने पाहतात त्यांनीच आकाशात उडणारा रक्षक कल्पावा, यात मालेगाव पहिले नव्हे. आणि उर्दूवाल्यांना तर हे परकेही नाही. ‘दास्ताने अमीर हमजा’तील अमर अय्यार आठवा. बळ हमजाचे, पण संकटातून सुटका करणार हा सडपातळ, चपळ, लबाड माणूस, ज्याच्या झंबीलमध्ये सारी दुनिया मावते. शफीकचा सुपरमॅन आम्हाला क्रिप्टन ग्रहापेक्षा या अय्याराच्या घराण्यातला अधिक वाटतो. तो घाबरवत नाही, मारत नाही, वेष बदलतो आणि लोकांना हसवून निसटतो.

हाच तो नाशिक जिल्हा जिथे त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये दादासाहेब फाळके जन्मले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आमच्या शाळांच्या सहली तिथे जातात. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. नंतर मात्र ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. ते वर्ष होते १९१९.

मालेगावच्या पडद्यावर गावातील मुलगी अजून आलेली नाही. नासिर यांच्या सिनेमांत नायिका बाहेरगावाहून आणावी लागे, आणि शुक्रवारच्या त्या ओसंडणाऱ्या गर्दीत बायका नसत. आम्ही त्या सिनेमांवर प्रेम करतो, म्हणूनच हे बोलायला हवे. पुरुषांनी भीतीला हसून उत्तर दिले, पण ते हसणे घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. आमच्यातील एक सहकारी म्हणतात की हळूहळू होईल, घाई नको. फाळक्यांनी तर स्वतःच्या मुलीला पडद्यावर आणले होते, असे आम्ही त्यांना सांगितले. ते गप्प बसले, पण पटले असे दिसले नाही.

मध्यंतरी आठवीच्या वर्गाला आम्ही निबंध दिला, अमर अय्याराची झंबील तुम्हाला मिळाली तर काय कराल? बहुतेक मुलांनी तिच्यातून मोबाईल आणि मोटारसायकली काढल्या. दोघातिघांनी परीक्षेचे पेपर काढले. एका मुलीने काहीच काढले नाही. तिने लिहिले की ती झंबील घेऊन नानीकडे मालेगावला जाईल आणि शेजारच्या लूमचा खडखडाट तिच्यात भरून आणेल, म्हणजे नानीला दुपारी झोप लागेल. दहापैकी आठ दिले. दोन इमल्याच्या चुकांचे कापावे लागले.