ओळख राहील का?

अमेरिकेत १८६८ साली ‘द गेट्स अजार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ ‘किलकिली दारे’, आणि दारे स्वर्गाची. लेखिका एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स तेव्हा चोवीस वर्षांची होती. ती मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरात वाढली होती. भरल्या घरातल्या गलक्यापासून दूर, शेकोटी नसलेल्या खोलीत, आठव्या वर्षीच गमावलेल्या आईची जुनी फरची केप अंगावर ओढून तिने हे पुस्तक लिहिले. यादवी युद्ध संपून तीन वर्षे झाली होती. तीन कोटींहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या देशात, दीर्घकाळ मान्य असलेल्या हिशेबानुसार, ६ लाख २० हजार सैनिक मेले होते. कित्येकांना अनोळखी म्हणूनच पुरावे लागले. पुस्तक एकट्या अमेरिकेत लाखाच्या घरात खपले, इंग्लंडमध्ये त्याहूनही अधिक, आणि फेल्प्सकडे पत्रांची रीघ लागली. ही पत्रे बहुतेक शोकाकुल माणसांची होती. इतक्या दुःखितांना दिलासा मिळाला म्हणजे स्वर्ग पुस्तकात आहे तसाच आहे, असे काहींना वाटते. उलट काहींच्या मते हे सगळे रडक्या मनांचे समाधान होते. मला दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. वाचकांच्या अश्रूंनी परलोकाबद्दल काही सिद्ध होत नाही, पण प्रेमाबद्दल ते साक्ष देतात. मरणाविषयी बोलणाऱ्या कोणत्याही तत्त्वज्ञानाला ती साक्ष ऐकून घ्यावीच लागेल.

वाचक कशाला भुकेले होते, हे कादंबरीतल्या दोन माणसांवरून कळते. नायिका मेरीचा भाऊ युद्धात मारला गेल्याची तार येते. समाचाराला आलेला चर्चचा डीकन तिला देवाच्या इच्छेपुढे मान तुकवायला सांगतो. पाद्री डॉ. ब्लँड यांच्या प्रवचनातला स्वर्ग म्हणजे ईश्वराच्या गुणांचे अखंड चिंतन आणि अखंड स्तुतिगान. त्यात भावाला बहीण आठवेल का, याला जागाच नाही. मग नात्यातली विनिफ्रेड ही विधवा येते आणि वेगळे सांगते. गेलेली माणसे आपल्याला ओळखतात, जवळ असतात, आणि तिथे डोंगर, झाडे, घरेही आहेत. पियानोची आस असलेल्या गरीब मुलीला ती तिथे पियानो मिळेल म्हणते, तर आपल्या लहानग्या लेकीला आल्याची बिस्किटे. बिस्किटांपाशी आजचा वाचक थबकेल. पण अडाणी माणसाला परलोकाचा नकाशा विकणे हा तिचा हेतू नाही. ती म्हणते, पियानो नसेल तर त्या मुलीचे मन जे मागते आहे ते असेल. पुढे डॉ. ब्लँड यांची पत्नी भाजून मरते, आणि ते स्वर्गावरचे ते प्रवचन आपल्या हाताने आगीत टाकतात. त्या प्रवचनात धर्मदृष्ट्या चूक काहीच नव्हते. फक्त ज्याची बायको गेली आहे अशा माणसासाठी त्यात एक वाक्यही नव्हते. फेल्प्सने नंतर आत्मचरित्रात लिहिले, की आपण हे पुस्तक मुख्यतः बायकांसाठी लिहिले. युद्ध करायचे की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि तरी त्यात चिरडल्या गेल्या होत्या त्याच.

धर्मपीठांचा आक्षेप मोठ्या आवाजात आला. शास्त्रात नसलेले सांगितले, पाखंड माजवले, धर्म आणि कुटुंब दोन्ही धोक्यात आणले. आक्षेपातला गाभा मात्र हलका नाही. ईश्वर सोडून माणूस आपल्या माणसांनाच स्वर्गाचे प्रयोजन करून बसला, तर ती भक्ती राहते का? मला वाटते, हा आक्षेप घेणाऱ्यांनी प्रश्न किती दूर जातो हे पाहिले नाही. ‘माझा भाऊ मला ओळखेल का’ या प्रश्नाच्या पोटात ‘माझा भाऊ तिथे असेल का’ हा प्रश्न असतो, आणि त्याच्याही आत, ज्यांना ख्रिस्ताचे नावही कधी ऐकू आले नाही त्यांचे काय, हा. १८८० च्या दशकात नेमक्या याच प्रश्नावर अँडोव्हरच्या सेमिनरीत, म्हणजे तिथल्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात, रण पेटले. त्याची झळ थेट अहमदनगरपर्यंत आली. मुंबईत जन्मलेले आणि नगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम १८८६ मध्ये रजेवर मायदेशी होते. ख्रिस्ताचे नाव न ऐकलेल्यांना मृत्यूनंतरही संधी असू शकेल, ही आशा सोडू नये असे ते बोलले, आणि मिशन बोर्डाने त्यांचे नगरला परतणे काही काळ अडवून धरले. ज्याच्यासमोर नव्याने ख्रिस्ती झालेली मराठी माणसे बसत, त्याला त्यांच्या आजा-पणजांचा प्रश्न टाळता येणार नव्हता. ओढ आपल्या माणसांचीच, पण तिने एका बंद सिद्धांताचे दार किलकिले केले. याला ईश्वराचा विसर कसा म्हणावे?

मार्क ट्वेनचा आक्षेप मला धर्मगुरूंच्या आक्षेपाहून जास्त जड वाटतो. फेल्प्सचा स्वर्ग त्याला ऱ्होड आयलंडएवढा, अमेरिकेतल्या सर्वांत लहान राज्याएवढा, कोता वाटला. त्याचे विडंबन म्हणून लिहिलेली कॅप्टन स्टॉर्मफील्डच्या स्वर्गवारीची गोष्ट १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आली. विडंबनातही वीणा आणि पंख घेऊन आलेले नवखे लोक थोड्याच वेळात कंटाळून ते टाकून देतात. म्हणजे डॉ. ब्लँडचे प्रवचन ट्वेननेही जाळलेच. पण त्याच गोष्टीत एक आई येते. सत्तावीस वर्षांपूर्वी तान्हे लेकरू गेले, ते पुन्हा कुशीत घ्यायला ती धावत आली आहे. लेक मात्र स्वर्गात वाढून मोठी विदुषी झाली आहे, ज्ञानात बुडालेली, आणि दोघींना एकमेकींशी काय बोलावे हेच कळत नाही. भेट होते आणि हवे होते ते मिळत नाही. आपण ज्याची वाट पाहतो ते माणूस असते की आपल्या आठवणीत थांबलेला एक क्षण? फ्रॉइडने १९२७ मध्ये धर्माला इच्छापूर्तीचा भ्रम म्हटले. पण इच्छा आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, जशी ती खरीही ठरत नाही. ट्वेन त्याहून खोल जातो, कारण तो इच्छेलाच तपासायला लावतो. माझे उत्तर असे, की त्या आईच्या ओढीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. लेकरू तसेच राहावे ही एक, ती भाबडी आहे आणि ती मोडेल. लेकरू होते, ते कोणीतरी होते, त्याच्या जागी दुसरे चालणार नाही, ही दुसरी. ट्वेनच्या स्वर्गातही ती मोडत नाही. मोडली असती तर त्या दोघींच्या अवघडलेपणाने आपल्या पोटात कालवले नसते.

आपल्याकडून येणारा आक्षेप वेगळा, आणि अधिक उंचीवरचा आहे. नाम-रूप गळून पडणे हीच मुक्ती, तर मग ओळख टिकण्याची इच्छा म्हणजे बंधनाचीच इच्छा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो तेव्हा पत्नी मैत्रेयीला सांगतो, की पती प्रिय असतो तो पतीसाठी नव्हे, आत्म्यासाठी. मृत्यूनंतर वेगळी जाणीव उरत नाही असेही तो सांगतो, आणि मैत्रेयी गोंधळून जाते, तसे बोलूनही दाखवते. उपनिषदाने तिचा गोंधळ गाळला नाही, याचे मला फार मोल वाटते. याज्ञवल्क्य तिला समजावतो: दुसरे काही उरलेच नाही तर कोण कोणाला पाहणार, कोण कोणाला जाणणार? उत्तर तर्काला पुरते. तरी पुढच्या काळात भक्तीच्या वाटेने चाललेल्यांचे मन त्यावर थांबले नाही. आमच्या वारकरी संतांनी मोक्ष दारात असताना पुन्हा गर्भवास मागितला, कारण प्रेम करायला दोघे लागतात. त्यांचे ‘दुसरे माणूस’ विठ्ठल होता, मेलेला भाऊ नव्हे, हा फरक मी पुसत नाही. पण प्रेमाचा भेद अज्ञानात जमा करायला त्यांनी नकार दिला, आणि फेल्प्सला पत्रे लिहिणारी ती शोकाकुल माणसे वेगळ्या दारातून त्याच अंगणात आली होती.

मग हे पुस्तक निर्दोष का? नाही. त्याचे नाव कॉलरला लागले, सिगारलाही लागले, पण त्याचा दोष लेखिकेला देता येत नाही. खरी उणीव दुसरी आहे. ज्या युद्धातून हे दुःख आले त्याच्या मुळाशी सुमारे चाळीस लाख माणसांची गुलामी होती, आणि कादंबरीच्या मध्यभागी ती नाही. स्वर्गात गोऱ्या बहिणीला भाऊ भेटतो. विकून तोडलेल्या मायलेकरांची भेट लेखिकेच्या कल्पनेत शिरत नाही. त्याच वर्षांत मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या, आपली हरवलेली माणसे शोधणाऱ्या जाहिराती ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या वृत्तपत्रांत छापल्या जात होत्या. आईचे नाव, मालकाचे नाव, कोणाला कुठे विकले, शेवटचे पाहिले तेव्हा लेकरू केवढे होते. चर्चमध्ये हे वाचून दाखवावे, अशी पाळकांना विनंती असे. ते लेकरू आता वाढले असेल, कदाचित दुसऱ्याच नावाने हाक घेत असेल, समोर आले तरी ओळखू येणार नाही, हे त्या आयांना ट्वेनच्या कितीतरी आधी ठाऊक होते. तरी त्या जाहिरातीत आपण ठेवलेले नाव छापून घेत.