मायबाप म्हणायचं आणि छडी लागली की रडायचं

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यातल्या कित्येकांचे केस आता पांढरे झाले. कोणी बँकेत अधिकारी झाला, कोणी कारखाना काढला, कोणी अमेरिकेत घर केलं. म्हणून तुमचे कान धरायचा माझा हक्क संपला, असं समजू नका. इतिहास आणि नागरिकशास्त्र मी तुम्हाला शिकवलं. नागरिकशास्त्राला गुण थोडे, म्हणून तुम्ही ते परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलंत. पुढे नागरिक म्हणूनही तुमचं तेच चाललं आहे. वर्षभर झोपा आणि संकट दारात आलं की धावाधाव.

कोरोनाची 2020 आणि 2021 ही वर्षं आठवा. तुमच्यात दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, मास्क लाव म्हणणारं सरकार कोण, देह माझा, मर्जी माझी. दुसरा म्हणत होता, सरकार झोपलंय काय, आणखी कडक करा, रस्त्यावर दिसेल त्याला बडवा. पोलिसांनी भर चौकात कोणाला उठाबशा काढायला लावल्या की तो व्हिडिओ तुम्ही हसत हसत दहा जणांना पाठवलात. मला विचाराल तर दोन्ही तट एकाच बाकावरचे. पहिल्याने स्वतःचं कर्तव्य शेजाऱ्यावर ढकललं, दुसऱ्याने ते पोलिसाच्या काठीवर सोपवलं. स्वतःच्या अंगावर कोणी काही घेतलं नाही.

चापेकर बंधूंवर तुम्ही निबंध छान लिहायचात. 22 जून 1897, गणेशखिंड रस्ता, प्लेग कमिशनर रँडवर गोळी. तारीख पाठ, चित्रपट पाहिलेला, छाती फुगलेली. त्याच वर्षीची 10 मार्च ही तारीख किती जणांना आठवते? हात वर करा. वाटलंच होतं.

त्या दिवशी सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात प्लेग होता. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या, जोतिरावांना जाऊन सहा वर्षं उलटली होती. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याला घेऊन त्यांनी हडपसरच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथवर आणलं. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. कोणी हुकूम काढला नव्हता, कोणी अनुदान दिलं नव्हतं, फोटो काढायला कोणी हजर नव्हतं. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात ते हे. जे करायचं ते कोणाला न विचारता करायचं, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजायची. तुम्हाला यातला पहिला अर्धा भाग हवा असतो. दुसऱ्या अर्ध्याचं बिल सरकारच्या नावावर फाडायचं.

आता त्याच गावातल्या बाकीच्यांकडे बघा. साथ आली तसे ऐपतवाले पुणं सोडून पळाले, त्यांत पुढारीही होते. टिळक राहिले. पळणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी 'केसरी'तून चार शब्द सुनावले, स्वतः हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं केलं, रोग्यांच्या खाटांपर्यंत जात राहिले. रोगी वेगळा ठेवणं, घरं स्वच्छ करणं याला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो गोऱ्या शिपायांनी बूट घालून देवघरात शिरण्याला, बायकांना उघड्यावर आणून तपासण्याला, सामानसुमान जाळण्याला. टीका करायचा अधिकार त्यांनी गावात राहून, काम करून कमावला होता. म्हणून त्या टीकेला धार होती आणि सरकारने त्याच वर्षी त्यांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा दिली. तुम्ही फार्महाउसवर बसून सरकारला शिव्या घातल्या. सरकारचं त्याने काय बिघडलं?

रँडच्या हाती एवढी सत्ता आली कुठून? 4 फेब्रुवारी 1897 रोजी झालेल्या साथरोग कायद्यातून. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय योजता येतील, न ऐकणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे त्याचं सार. नागरिकाच्या हक्काबद्दल चकार शब्द नाही. राज्य परक्यांचं होतं, तेव्हा नवल वाटायचं कारण नाही. नवल पुढे आहे. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला. स्वातंत्र्य मिळून बहात्तर वर्षं झाली होती. एवढ्या काळात तुमच्यापैकी किती जणांनी तो वाचला होता? दोन पानं आहेत रे! हॉटेलचं मेनूकार्ड त्याहून मोठं असतं.

आणि त्या वर्षी त्यात मोठी दुरुस्ती झाली ती कशासाठी? डॉक्टर, परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना आवरण्यासाठी. म्हणजे आपल्या स्वतंत्र नागरिकांनी सव्वाशे वर्षं जुन्या कायद्यात स्वतःच्या कर्तृत्वाने काय भर घातली, तर स्वतःसाठी नवी शिक्षा. झडतीला मर्यादा, सक्तीला मुदत, अपिलाला जागा, यांतलं काही त्यात आलं नाही, कारण तुम्ही ते मागितलंच नाही. सरकारला मायबाप म्हणायची सवय लागली की छडीही निमूट खावी लागते. मायबापाकडे कोणी लेखी हुकूम मागत नाही.

आता जे सांगणार आहे ते जास्त झोंबेल. रँडला नावं ठेवता ना? 2020 मध्ये तुमच्या सोसायट्यांच्या फाटकावर काय चाललं होतं? घरकाम करणाऱ्या बायकांना बंदी, पण खाण्याचं पार्सल आणणाऱ्या पोराला लिफ्ट वापरू न देता आठ मजले चढायला लावायचं. रुग्णालयात रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला घर खाली करायला सांगायचं. कोणाला लागण झाली की त्याचं नाव फलकावर लावायचं. इमारतीगणिक एक एक छोटा रँड तयार झाला होता, आणि त्याला तुम्ही टाळ्या वाजवून निवडून दिलेलं होतं. रँडजवळ निदान कायदा तरी होता. तुमच्याजवळ काय होतं? वॉचमन आणि व्हॉट्सअ‍ॅप.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं. 1897 मध्ये गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याच्या मित्रांनी शिपायांच्या अत्याचारांबद्दल पत्रं पाठवली, त्यांच्या आधारावर गोखल्यांनी तिथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत, आरोप सिद्ध करता आले नाहीत, आणि एवढ्या मोठ्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली. अन्याय सोसायचा, कानात कुजबुजायचा, पण साक्षीला उभं राहायचं नाही, हा आपला जुना रोग आहे. तुम्ही तर ऐकीव गोष्टी दिवसाला पन्नास पुढे ढकलता. खोट्या निघाल्यावर कितींनी माफी मागितली? स्वातंत्र्याला पुराव्याची सवय लागते. तारीख, वेळ, ठिकाण, नाव लिहून ठेवणारा एक माणूस शंभर ओरडणाऱ्यांना भारी पडतो.

आणि ते 'देह माझा' म्हणणारे वीर. हक्क खरा आहे, मी नाकारत नाही. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी स्पष्ट सांगितलं. पण त्याच निकालात हेही सांगितलं की लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. तुम्ही पहिलं वाक्य वाचून पुस्तक मिटलंत. स्वतःच्या देहावरचा हक्क कसा वापरतात ते बघायचं असेल तर हाफकिनकडे बघा. मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. देह त्याचाच होता. धोका त्याने स्वतः पत्करला, आणि फायदा इतरांना झाला. तुमचा हिशेब बरोबर उलटा होता.

संकटाच्या नावाखाली सत्ता किती पुढे जाते, हे तुमच्या आईवडिलांनी पाहिलं आहे. 25 जून 1975 रोजी आणीबाणी आली. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. सभागृहातले बाकीचे घरी गेले. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणीत कैदेविरुद्ध दाद मागता येणार नाही. एकटे हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले आणि त्यापायी त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता हे 2017 मध्ये त्याच न्यायालयात त्यांच्याच मुलाने लिहिलं. मधल्या काळात 44व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. ही तरतूद आभाळातून पडली नाही. माणसं तुरुंगात गेली, मग 1977 मध्ये लोकांनी मतपेटीतून जाब विचारला, तेव्हा ती मिळाली.

एक इशारा देऊन ठेवतो, नाहीतर तुमच्यातला एखादा शहाणा उठून म्हणेल, गुरुजी म्हणतात ज्याचं त्याने बघावं. तसं मी म्हणत नाही. प्राणवायूचा कारखाना कोणी घरात काढत नाही. तो चालू ठेवणं सरकारचं काम आहे, आणि त्याचा जाब मागायलाच हवा. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर थकून करमाडजवळ रुळांवर झोपले आणि 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांना स्वावलंबनाचे धडे द्यायची तुमची-माझी लायकी नाही. ते स्वतःच्या पायांवरच चालले होते. परावलंबी तुम्ही होतात. महिनाभर घरी बसायचं तर घरात आठ दिवसांची औषधं नव्हती, आणि स्वयंपाक येत नव्हता. घरात बसवलेल्या मोलकरणीचा पगार मात्र न विसरता कापलात.

म्हणून आता तहान लागण्याआधी विहीर खणायला घ्या. आठ दिवसांचं धान्य, पाणी, औषध घरात ठेवा. बंद पडलेल्या हृदयासाठी छाती कशी दाबायची, पाणी वाढलं तर वरच्या मजल्यावर कोणाला आधी न्यायचं, हे शिकून घ्या. इमारतीत एकटे राहणारे म्हातारे किती आणि त्यांच्या गोळ्या कोणत्या, याची यादी करा. काम बंद पडलं तर कामवाल्या बाईचा पगार चालू राहील, असं सभेत ठरवून लिहून घ्या. कोणी सक्ती केली तर आवाज न चढवता लेखी हुकूम मागा. हुकूम वाजवी असेल तर पाळा, नसेल तर नोंद करा, आणि साक्ष द्यायची वेळ आली की घरात लपू नका. एवढं करणाऱ्याच्या तोंडी स्वातंत्र्य हा शब्द शोभतो. इतरांनी तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आज घरी गेल्यावर करायचा गृहपाठ. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्तीचा आराखडा असावा लागतो. त्यात तुमच्या गावासाठी, तुमच्या प्रभागासाठी काय लिहिलंय, हे तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. माहितीच्या अधिकारात तो मागवा, वाचा, आणि चुकलेलं ग्रामसभेत नाहीतर प्रभागाच्या बैठकीत उभं राहून सांगा. अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे.