श्रुतींचं गणित आणि माजलगावच्या ओव्या

बीड जिल्ह्यातल्या संगीताचा विषय निघाला की जाणकारांच्या तोंडी पहिलं नाव येतं शंकरबापू आपेगावकरांचं. वारकरी भजनातला त्यांचा पखवाज धृपदाच्या मैफलीत पोचला, पद्मश्रीही मिळाली. माजलगावच्या भीमनगरात जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांना मात्र गायिका म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

कुणाचं गाणं संगीत मानायचं, हा प्रश्न जुना आहे. युरोपानं इतरांच्या संगीताकडे पाहिलं ते आधी मोजपट्टी घेऊन. अलेक्झांडर एलिसनं १८८५ मध्ये देशोदेशीच्या वाद्यांचे स्वर मोजले आणि सांगितलं की निसर्गानं घालून दिलेलं एकच सप्तक नाही, सप्तकं अनेक आहेत. तिकडच्या तोऱ्याला हा चांगलाच धक्का होता. मोजणीचा नाद इकडेही लागला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून बावीस श्रुतींचं गणित मांडलं, १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पुढे श्रुतींची पेटीही झाली. संगीतशास्त्री भातखंड्यांना ते पटलं नाही. मलाही पटत नाही. त्या गणितात खाँसाहेबांचा गळा होता, गाणं नव्हतं.

ओव्यांच्या बाबतीत उलटं झालं. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी त्या जिव्हाळ्यानं गोळा केल्या, पण छापताना चाल कागदाबाहेरच राहिली. छापलेली ओवी दोन ओळींची दिसते. म्हणताना तिचे तुकडे पडतात, अर्धी ओळ पुन्हा येते, मध्ये ‘गं बाई’ येतं, एकीनं सोडलेलं दुसरी उचलते. जात्याच्या खुंट्याच्या फेऱ्याला पुरेल इतकं ते लांबतं. अशोक दा. रानड्यांनी लोकसंगीताचं स्वतंत्र शास्त्र मांडलं, तेव्हा कुठे ही लांबण संगीत म्हणून विचारात आली.

पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी गावोगावच्या ओव्या जमवायला घेतल्या, लाखावर झाल्या. त्यांच्या कामात बर्नार बेल आले. रागातल्या स्वरांची सूक्ष्म हालचाल टिपणारं यंत्र मुंबईत बनवणारा हा माणूस १९९६ मध्ये भीमनगरात ओव्या ध्वनिमुद्रित करत होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडणाऱ्या नामविस्ताराला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. जिथं विठ्ठल-रखुमाई यायची तिथं या ओव्यांत बाबासाहेब आणि रमाई येतात. चाल जुनीच. शब्दांतला हा बदल स्वर कितीही मोजले तरी कळला नसता, आणि नुसते शब्द वाचून चालीचं जुनेपण हाती लागलं नसतं.

एक शंका उरते. मायक्रोफोनसमोर म्हणताना जात्यात दाणे असतीलच असं नाही. गिरणीनं ते काम केव्हाच घेतलं. म्हणजे संदर्भ जपायला गेलेल्यांच्या हाती संदर्भ सुटलेलं गाणंच लागतं. तरी ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर या ओव्या ऐकताना सोबत म्हणणारीचं नाव, गाव, जात आणि कामधंदा दिलेला असतो. छापील संग्रहांत तिची ओळख ‘एक स्त्री’ एवढीच असायची.